भागीदारी करा, पण लिखापढी करून

कामरगावात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, कारंजाची शकुंतला रेल्वे आठवतेच. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ही छोटी गाडी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी खाजगी कंपनीने मार्ग बांधला. स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारी झाली, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकार चालवायचे, मोबदला कंपनीला मिळायचा. रूळ खराब होत गेले, तरी दुरुस्तीसाठी मोठा पैसा कुणीच घातला नाही. शेवटी गाडीच बंद पडली.

ही जुनी गोष्ट आज काढायचे कारण आपल्या शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘दत्तक शाळा’ योजना आणली. कंपनी, संस्था किंवा दानशूर व्यक्ती सरकारी शाळा ५ किंवा १० वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. ग्रामीण शाळेसाठी ५ वर्षांना ५० लाख, १० वर्षांना १ कोटी. तेही रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. तेवढ्या काळापुरते देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडता येते.

आमचा याला सरसकट विरोध नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी उर्दू शाळा लोकांच्या चंद्यातून उभ्या राहिल्या. अनुदानित शाळा म्हणजे भागीदारीच की! इमारत संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा. कुणी काय द्यायचे हे ठरलेले असते, म्हणून गाडा चालतो.

पण सरकारने आपला वाटा टाळला की काय होते, हेही आपण पाहिले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी असतात आणि फीची भरपाई सरकार करते. ही भरपाई थकते, अशी शाळांची तक्रार जुनीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

म्हणून दत्तक योजनेबद्दल आमचे प्रश्न साधे आहेत. देणगीदार शहराजवळची, रस्त्यावरची शाळा निवडेल. आतल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेकडे कोण बघणार? पाच वर्षांनी तो गेला, तर संगणकाची दुरुस्ती आणि विजेचे बिल कोण भरणार? रिकाम्या जागेवर शिक्षक कोण देणार? शिक्षक देणे हे सरकारचेच काम. रंगवलेल्या भिंती मुलांना शिकवत नाहीत.

सरकारने गरजू शाळांची यादी आधी स्वतः करावी. कामे, मुदत आणि नंतरची देखभाल करारात लिहावी. तो करार मराठी आणि उर्दूत शाळेच्या फलकावर लावावा.

आपलेही काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे हा त्यांचा कायदेशीर अधिकार आहे. सहीपुरते जाऊन येऊ नका; कागद मागा, वाचा, विचारा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. दोन माणसांच्या व्यवहारात एवढी काळजी, तर मुलांच्या तालीमची अमानत तोंडी भरवशावर कशी सोडायची?