दिवाळ्याचा कारभारी कोणाचा?

दिवाळे हा शब्द निघाला की आमच्या संभाजीनगर जिल्ह्यातील कष्टकरी माणूस मान खाली घालतो. पैठणचा विणकर असो की वैजापूरचा कुणबी, कर्ज डोईजड झाले म्हणजे तो गाव सोडील, नको तो मार्गही धरील. पण कोर्टापुढे जाऊन ‘माझ्याने आता फिटत नाही’ असे म्हणणार नाही. कोर्ट एक कारभारी नेमते व तो सावकाराचा हस्तक होऊन चुलीवरचे भांडेही उचलून नेतो, अशी त्याची समजूत. ही समजूत चुकीची आहे.

१९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्यात या कारभाऱ्यास रिसीव्हर म्हणतात. ऋणको दिवाळखोर ठरला की त्याची मिळकत कोर्टाच्या अगर रिसीव्हराच्या स्वाधीन होते. ती विकून, येणे वसूल करून, धनकोंस हिस्सेरशीने वाटणे हे त्याचे काम. जो सावकार मोठ्याने ओरडेल त्याचे आधी, असा हिशेब तेथे नाही. शिवाय जे जप्त होत नाही त्यास त्याचाही हात लागत नाही. दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, आणि कुणब्याची औते व पोट भरण्यास लागणारे बैल-बियाणे सोडलेले आहे. हिमरू विणणाऱ्याचा माग हे हत्यार नव्हे तर काय? मात्र गहाण जमिनीवरील बँकेचा हक्क दिवाळ्याने बुडत नाही. तशी आशा कोणी लावील तर ऐकू नये.

रिसीव्हर धन्याचा धनी नव्हे. त्याच्या कृतीने अन्याय झाला तर २१ दिवसांत कोर्टाकडे दाद मागता येते. त्याचा मेहनताना कोर्ट ठरवते आणि तो निघतो ऋणकोच्याच मिळकतीतून. मग हिशेब विचारण्यास लाज कसली? पण आमच्या बांधवांनीही मेव्हण्याच्या नावे गुपचूप शेत करून मग कोर्टाची पायरी चढू नये. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतील असली बक्षीसपत्रे कोर्ट रद्द करू शकते, आणि खऱ्याचेही मग खोटे ठरते.

आता २०१६ ची नवी संहिता पाहा. तीत रिसीव्हराच्या जागी दिवाळखोरी विश्वस्त आला. परंतु व्यक्तींचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता! गरिबाला ३५ हजारांपर्यंतच्या कर्जातून मोकळे करण्याची तजवीज त्याच संहितेत लिहिलेली आहे, ती कागदावरच पडून राहिली. तीतही मेख अशी की, राहते घर मालकीचे असेल त्यास ती लागू नाही. म्हणजे मातीच्या दोन खोल्या असल्या तरी कुणबी बाहेर!

आमच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी दिल्लीस सरकारला विचारावे की, ती तजवीज चालू करण्याची तारीख कोणती, घराची ही अट कोणासाठी घातली, आणि नेमला जाणारा विश्वस्त आपला हिशेब ऋणकोस मराठीत देणार की नाही?