योगशिबिराचे तिकीट

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी, १७७ राष्ट्रांच्या पुरस्काराने, २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला. मॉरिशसमध्ये तर योगाभ्यासाची निकड विशेषच आहे. २०२१ साली झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ पाचांत एकाला मधुमेह असल्याचे दिसून आले. पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत सूर्योदयापासून अंग मोडून काम केले. त्यांचे वंशज आज दिवसभर खुर्चीवर बसून असतात. तेव्हा सांस्कृतिक संस्थांनी योगवर्ग, प्राणायामशिबिरे व ध्यानसत्रे भरवावीत, हे युक्तच होय.

परंतु शिबिर भरवायचे म्हटले की नोंदणी आली, शुल्क आले आणि हिशेब आला. पूर्वी हे काम चिटणीसांच्या वहीत उरकत असे. आता संकेतस्थळ उभारून त्यावरून तिकिटे विकण्याची रीत पडली आहे. हे काम म्हणजे सुंदर चित्रे मांडणे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिकीट हे वचन आहे. ज्याने पैसे दिले त्याला जागा मिळेल, त्याचे पैसे योग्य ठिकाणी जातील आणि त्याने सांगितलेली माहिती जपली जाईल, अशी ही तीन वचने आहेत. संकेतस्थळाची सारी रचना ती पाळण्यासाठी असावी.

प्रथम जागेचा विचार करू. समजा, सभागृह १२ मीटर लांब व १० मीटर रुंद आहे. व्याख्यानासाठी तेथे शंभर माणसे सुखाने बसतील. परंतु योगासने करणाऱ्याची चटई सुमारे पावणेदोन मीटर लांब व ६० सेंटीमीटर रुंद असते, आणि हात पसरावयास भोवती मोकळी जागाही लागते. एका व्यक्तीस अडीच चौरस मीटर धरले, शिक्षकासाठी व येण्याजाण्यासाठी २० चौरस मीटर सोडले, तर तेथे ४० जणांचीच सोय होते. हा आकडा कार्यकारिणीने संकेतस्थळ बांधण्यापूर्वी ठरवावा. खुर्च्या मोजून तिकिटे विकणाऱ्या संस्थेवर पुढे ओशाळण्याची पाळी येते.

दुसरी गोष्ट संकेतस्थळाच्या नावाची. हे नाव वर्षाच्या कराराने घ्यावे लागते व मुदतीत त्याचे नूतनीकरण करावे लागते. पुष्कळदा एखादा उत्साही तरुण ते स्वतःच्या नावावर घेतो. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला की संस्थेच्या हाती किल्लीच राहत नाही. म्हणून नाव संस्थेच्या मालकीचे असावे आणि त्याच्या किल्ल्या किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात.

मजकूर थोडा पण पुरता असावा. दिवस, वेळ, सभागृह, बसची सोय, शुल्क, शिक्षकाचे शिक्षण व अनुभव, सोबत काय आणावे आणि कोणी वैद्याचा सल्ला घेऊनच यावे, इतके ठळक अक्षरांत असले की पुरे. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि पूजेला मराठी अशी येथील कुटुंबांची रीत आहे. तेव्हा मजकूर एकाच भाषेत कोंडू नये. त्यात अतिशयोक्तीही नको. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी "तीन दिवसांत मधुमेह नाहीसा" अशी जाहिरात करणे शोभणार नाही.

आता विक्रीच्या यंत्रणेकडे वळू. समजा, ३९ तिकिटे गेली व एकच उरले. क्युअरपिपमध्ये एक गृहस्थ आणि व्हाक्वा येथे एक भगिनी एकाच क्षणी कळ दाबतात. यंत्रणेने दोघांसाठी शिल्लक पाहिली, दोघांनाही "एक आहे" असे उत्तर दिले आणि मग दोघांचे पैसे घेतले, तर एका चटईचे दोन धनी झाले. म्हणून शिल्लक पाहणे आणि ती कमी करणे या दोन क्रिया मिळून एकच अखंड क्रिया व्हावी लागते. पहिल्याची पुरी होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे. जागा हाती आली की पैसे भरण्यासाठी ती दहा मिनिटे राखून ठेवावी, आणि तेवढ्यात भरणा न झाल्यास पुन्हा विक्रीस खुली करावी. काम करून देणाऱ्या कारागिराला संस्थेने पहिला प्रश्न हाच विचारावा : "शेवटची जागा दोघांनी एकदम मागितली तर काय होते?"

पैशांच्या बाबतीत पहिला नियम असा की ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक संस्थेने स्वतःजवळ साठवूच नये. पैसे भरण्याचे पान बँकेचे किंवा मान्यताप्राप्त भरणासंस्थेचे असावे. बँक ऑफ मॉरिशसने २०१९ साली सुरू केलेल्या तत्काळ भरणा-व्यवस्थेमुळे निरनिराळ्या बँकांच्या खातेदारांचे व्यवहारही मोबाइलवरून होऊ शकतात. परंतु ग्राहकाच्या पडद्यावर "पैसे गेले" असे दिसणे हा पुरावा नव्हे; बँकेकडून निरोप आला तरच तिकीट पक्के समजावे. तो निरोप कधी उशिरा येतो, तर कधी एकच निरोप दोनदा येतो. प्रत्येक भरण्याचा क्रमांक एकदाच नोंदला, तर एकाच पैशांवर दोन तिकिटे निघत नाहीत. मध्यस्थाचे कमिशनही आधी मोजावे. २०० रुपयांची ४० तिकिटे म्हणजे ८,००० रुपये. शेकडा पाच कापले तर ४०० रुपये गेले. हा भार कोण सोसणार, आणि शिबिर रद्द झाल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे विक्रीपूर्वीच लिहिलेले असावे.

द्वारावर क्यूआर कोड तपासण्याची पद्धत सोयीची आहे. हा चौकोनी संकेत १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार झाला. तिकिटावरील संकेतात नाव, पत्ता काही नसावे. अंदाजाने ओळखता न येणारा एक क्रमांक तेवढा असावा. एकदा तपासलेले तिकीट वापरलेले म्हणून नोंदले गेले की त्याची नक्कल निरुपयोगी ठरते. इंटरनेट बंद पडले तर खोळंबा नको, म्हणून नावांची छापील यादी जवळ ठेवावी.

तिसरे वचन माहितीचे. आणि येथे या समाजाने इतरांहून अधिक सावध असावे. रत्नागिरीकडून व हिंदुस्थानच्या अन्य भागांतून आलेल्या मजुरांना तिकीट हा शब्द सुखाचा नव्हता. १८६७ च्या कायद्याने, करार पुरा झालेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगण्याची सक्ती झाली. ते दाखविता आले नाही तर भटक्या म्हणून पकडले जाण्याची भीती असे. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांचा तक्रार अर्ज गव्हर्नरकडे गेला, आणि पुढल्या वर्षी शाही आयोग चौकशीस आला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्या काळच्या नोंदींतून आज अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध घेतात; परंतु ज्यांच्याविषयी त्या लिहिल्या गेल्या, त्यांना कोणी संमती विचारली नव्हती.

योगशिबिराच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, शस्त्रक्रिया असे प्रश्न विचारले जातात. १५ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या मॉरिशसच्या माहिती-संरक्षण कायद्याने आरोग्याची माहिती विशेष जपणुकीची मानली आहे. शिक्षकाला आसने निवडण्यासाठी लागेल तेवढेच, आणि संमतीनेच, विचारावे. ते शिक्षकाखेरीज कोणी पाहू नये. शिबिर संपल्यावर पुसून टाकावे. एखाद्या भगिनीच्या आजाराची वार्ता अर्जातून गावात पसरली, तर ती पुन्हा शिबिराला येणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही.

शेवटी वडीलधाऱ्यांचा विचार. ज्यांना गुडघ्यांसाठी व श्वासासाठी योगाची सर्वाधिक गरज, त्यांतील अनेकांना पडद्यावरून तिकीट काढणे जमत नाही. त्यांच्यासाठी सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ मेज मांडावे. स्वयंसेवकाने रोख पैसे घेऊन पावती द्यावी आणि नाव त्याच संकेतस्थळावर, त्याच शिलकेतून नोंदावे. घरची वही वेगळी व पडद्यावरची वेगळी असे झाले की गोंधळ ठरलेलाच. नातवाने आजी-आजोबांची तिकिटे एकदम काढावी, अशीही सोय हवी.

विक्री खुली करण्यापूर्वी संस्थेतील सर्वांत वयस्क सभासदाला शेजारी बसवून एक तिकीट काढावयास सांगावे. जेथे ते अडखळतील, तेथे यंत्रणा सुधारावी. इतके केले तर शिबिराच्या दिवशी चाळीस चटया, चाळीस नावे आणि बँकेतील रक्कम यांचा मेळ बसेल, आणि पुढल्या वर्षी लोक आपण होऊन येतील.