वहिवाटीचा पूल

इंग्लंडांत मँचेस्टर शहराजवळ कॅडिसहेड म्हणून एक गांव आहे. तेथील जहाजी कालव्यावर १८९३ सालचा आगगाडीचा एक लोखंडी पूल उभा आहे व त्यावरून आतां एकही गाडी जात नाहीं. नोकरीनिमित्त तिकडे असणाऱ्या माझ्या धाकट्या पुतणीनें त्याचें छायाचित्र धाडून विचारलें, "काका, एवढ्या सपाट मुलखांत हा पूल इतका उंच कां?" मँचेस्टरनें समुद्र आपल्या दारीं आणला, हें वाक्य मीं फळ्यावर वर्षानुवर्षें लिहिलें, पण या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां येईना. मग पुस्तकें काढलीं.

मँचेस्टरला कापूस यावयाचा तो लिव्हरपूलवरून. तेथील गोदी आपला कर घेई, आगगाडीच्या कंपन्या आपलें भाडें घेत. व्यापाऱ्यांना हें जाचूं लागलें. १८८२ सालीं डॅनियल अॅडमसन या कारखानदाराच्या घरीं बैठक भरली आणि समुद्रापर्यंत स्वतःचा कालवा खणण्याचा बेत ठरला. पार्लमेंटांत दोनदां अडलेली परवानगी १८८५ त तिसऱ्या खेपेस मिळाली. छत्तीस मैलांचा हा कालवा १८९४ त खुला झाला.

परंतु वाटेंत रूळ आडवे होते. ज्यांच्या भाड्याला कंटाळून कालवा खणावयाचा, त्यांचीच वहिवाट आधींची! रस्त्यांना बहुतेक ठिकाणीं फिरते पूल दिले. जहाज आलें कीं पूल बाजूस वळतो आणि माणसें मुकाट्यानें थांबतात. आगगाडी मात्र थांबावयास तयार नव्हती. तेव्हां कालवेवाल्यांना स्वतःच्या खर्चानें रूळच वर उचलावे लागले. खालून जहाजांच्या डोलकाठ्या जाव्या म्हणून पाण्यापासून पंचाहत्तर फूट उंच. आगगाडीला चढ सोसत नाहीं, म्हणून जुना मार्ग सोडून दोन्ही अंगांनीं मातीचे लांबच लांब बांध घालणें आलें. पुलावरून आधीं मालगाड्या चालवून पाहिल्या, मग उतारूंच्या. इतकें करूनही मँचेस्टरला जाणाऱ्या कित्येक जहाजांना डोलकाठ्या आंखूड कराव्या लागत आणि धुराड्यांचे शेंडे कालव्याच्या मुखाशींच, ईस्टम येथें, उतरवून ठेवावे लागत. पागोटें काढून वाकून घरांत शिरण्यासारखाच हा प्रकार!

असल्या तहांचें आम्हां लोकांस नवल वाटूं नये. आमच्याच परसांत विहिरीकडे जाणारी दोन हात रुंद वाट आहे. तिच्यावरून दोन चुलत घरांत वीस वर्षें अबोला होता; शेवटीं लेखी ठराव झाला. आतां दोन्हीं घरीं नळ आले आहेत आणि त्या वाटेवर आघाडा माजला आहे. ती मोडून अंगण वाढवावें असें वहिनी केव्हांपासून म्हणतात. पण कागदाची गोष्ट आधीं काढावी कोणीं?

कॅडिसहेडच्या पुलावरून उतारूंची वाहतूक १९६४ त बंद झाली व १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत मालगाड्याही थांबल्या. त्याच सुमारास, १९८२ त, कालव्याच्या शेवटाची सॅल्फर्डची गोदीही मिटली. लॅचफर्डचा तसाच उंच पूलही ओसाड पडला आहे. अर्लमच्या पुलावरून मात्र लिव्हरपूल-मँचेस्टरच्या गाड्या अजून धांवतात.

हें सारें मीं पुतणीस कळविलें. तिचें उलट पत्र आलें: "मग आतां तो पूल काढून कां टाकीत नाहींत?" पत्र मीं वहिनींना वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "त्यांचें ते पाहतील, आपल्या वाटेचें काय तें बोला." येत्या एकादशीनंतर चुलतभावाकडे जावयाचें ठरविलें आहे.