समर्थ येणार नाहीत, बॉस!

नारायण धारपांच्या समर्थकथा शाळेत असताना पांघरुणात टॉर्च लावून वाचल्या. कितीही भयंकर काही आलं, तरी समर्थ आहेत, हा केवढा दिलासा! 'कॉल ऑफ कथुलू' या १९८१च्या रोलप्लेइंग गेममध्ये ती सोय नाही. लव्हक्राफ्टच्या कथांवर बेतलेल्या या खेळात डोकं ताळ्यावर असण्याचेही पॉइंट्स असतात. शंभरपर्यंतचा फासा टाकायचा. आकडा पॉइंट्सच्या वर गेला, की डोकं आणखी सरकलं. त्यात अघोरी पोथ्या वाचून ज्ञान वाढलं, की पॉइंट्सची कमाल मर्यादाच घटते. (एमबीएवाल्यांनी नोंद घ्यावी!)

गेल्या शनिवारी माझे नऊच उरले होते, तळघराचं दार उघडायचं होतं. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात गप्प पोरगी फासे उचलत म्हणाली, "तू थांब, मी जाते."