एका कांडीचे किती मालक?

एक्स्प्लोझिव्ह म्हटलं की आपल्याला सिनेमातला बॉम्ब आठवतो. पण पंढरपूरच्या आसपास विहिरीला कातळ लागला की भोकं पाडायची, जिलेटिनच्या कांड्या भरायच्या आणि लांब पळायचं, हे इथल्या पोरापोरींना नवीन नाही. (मी कॉन्व्हेंटची, 'सुरुंग' हा शब्द मला हॉस्टेलवर आल्यावर कळला!)

गंमत म्हणजे या कांडीला मालक भरपूर. कारखान्याचं लायसन्स देणार नागपूरचं 'पेसो', ते केंद्राच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाचं. तीच कांडी खाणीत गेली की धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय, ते श्रम मंत्रालयाचं. गोदामाला ना-हरकत कलेक्टरची, चोरी झाली की पोलीस. १५ किलोपर्यंतच्या फटाका कारखान्याचं लायसन्स तर जिल्हाधिकारीच देतात. मूळ कायदा १८८४ चा आणि अमोनियम नायट्रेटचे वेगळे नियम यायला २०१२ उजाडलं. बैरूतला हेच २,७५० टन गोदामात पडून होतं, ऑफिसांचा पत्रव्यवहार चालू होता. २०२० साली अर्धं शहर हादरलं.

लांब कशाला? १ जानेवारी २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात, फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. त्याच डिसेंबरमध्ये नागपूरजवळ बाजारगावला नऊ जण.

माझ्या मते नवीन ऑफिस नको. कारखान्यापासून विहिरीपर्यंतचा कांडीचा प्रवास या सगळ्यांना एकाच नोंदीत दिसावा, आणि ती नोंद तहसीलपर्यंत यावी. सुरुंग उडवणाऱ्याला शॉटफायररचा दाखला लागतो, हे किती शेतकऱ्यांना कुणी सांगितलंय? दाखलेवाल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला तर दिल्लीला विचारावं लागत नाही ना!