अग्निशामकाचे काम बदलले, निवडीची कसोटी मात्र जुनीच

८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी कोलकात्यातील स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या बहुमजली कार्यालयात तेराव्या मजल्यावर आग लागली. त्या दुर्घटनेत नऊ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी चार जण आग विझवण्यासाठी गेलेले अग्निशामक होते. अनेक मृतदेह लिफ्टमध्ये सापडले. त्याच्या सुमारे सव्वातीन वर्षे आधी, २० नोव्हेंबर २०१७ रोजी, लुधियानातील प्लास्टिकच्या एका कारखान्याची आग विझवताना बहुमजली इमारत कोसळली आणि तेथील महापालिकेच्या दलाने नऊ कर्मचारी गमावले. मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत ढासळली. त्या घटनेत दलाच्या चार अधिकाऱ्यांचा अंत झाला. प्रत्यक्ष मुख्य अग्निशमन अधिकारीही त्यांत होते.

या तिन्ही ठिकाणी धैर्य कमी पडले, असे कोणी म्हणणार नाही. या घटनांनी पुढे आणलेला प्रश्न वेगळा आहे. जळत्या इमारतीचे वर्तन ओळखणे, ती किती वेळ उभी राहील याचा अंदाज बांधणे, आत किती जवान पाठवायचे आणि त्यांना केव्हा बाहेर बोलवायचे हे ठरवणे, ही कौशल्ये शिकवण्यासाठी देशातील शहरे किती वेळ आणि पैसा देतात? भरतीच्या जाहिराती वाचल्या तर अग्निशामक म्हणजे उंच, दणकट आणि धावण्यात चपळ माणूस, एवढीच प्रतिमा उभी राहते. मुंबई अग्निशमन दलाने २०२२-२३ मध्ये ९१० पदांसाठी भरती केली. तिच्यात पुरुषांसाठी १७२ आणि महिलांसाठी १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती. शारीरिक क्षमतेला पर्याय नाही, हे खरेच. मात्र ती या कामाची केवळ पहिली पायरी आहे.

सर्वसाधारण समज असा, की आगीत माणूस जळून मरतो. प्रत्यक्षात बहुतेकांना आधी धूर गाठतो. गोव्यातील हडफडे येथे डिसेंबर २०२५ मध्ये नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. रस्ता अरुंद असल्यामुळे बंब थेट दारापर्यंत पोहोचू शकले नव्हते. हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात मे २०२५ मध्ये एकाच घरातील १७ जण दगावले. तेथेही आत-बाहेर करण्यास एकच चिंचोळी वाट होती. अशा ठिकाणी पहिला जवान आत शिरतो तेव्हा त्याला ज्वाळा दिसतातच असे नाही. त्याला काहीच दिसत नाही. तो भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर रांगत, एक खोली संपवून दुसरीत जातो. आलेली वाट त्याला स्पर्शाने लक्षात ठेवावी लागते.

त्याच्या पाठीवरचा श्वसन संच हे या कामाचे घड्याळच होय. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे १,८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर असा हिशेब धरला तर ती पाऊण तास पुरावी. पण जिना चढताना, पाण्याने भरलेला होज ओढताना किंवा बेशुद्ध माणूस खांद्यावर घेताना श्वास दीडपट-दुपटीने वाढतो आणि तोच साठा अर्ध्या तासातही संपतो. त्यातून परतीच्या वाटेचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवायचा असतो. आत शिरण्यास पाच मिनिटे लागली असतील, तर दमलेल्या माणसाला बाहेर पडण्यास त्याहून अधिक लागतील, हे गणित धुराने भरलेल्या खोलीत मनातल्या मनात करावे लागते. बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने प्रत्येकाची आत जाण्याची वेळ आणि दाब फलकावर नोंदवणे हा या कामाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. ती नोंद नियमाने होते की नाही, यावरून दलाची शिस्त कळते.

पाणी हे आगीवरचे साधे औषध वाटते. मात्र एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. बंद खोलीत बेताल मारा केला तर ती वाफ जवानालाच भाजते. बंद दार घाईने उघडले तर प्राणवायूला आसुसलेली आग क्षणात बाहेर झेपावते. म्हणून दाराची उष्णता आधी हाताच्या पाठीने पाहायची, मग दार किंचित उघडून धुराची दिशा पाहायची. ‘गॅस गळती’ ही एकच वर्दी असली, तरी तिचे दोन अर्थ होतात. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, गटारात, तळघरात साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर छताकडे जातो. गळती बंद करता येत नसेल तर सिलिंडरच्या तोंडाशी जळणारी ज्योत न विझवता टाकी थंड ठेवणे अधिक सुरक्षित असते. बघ्यांना हे विचित्र वाटते, आणि जवानांना शिव्याही खाव्या लागतात. ज्योत विझली आणि वायू बाहेर येतच राहिला, तर पुढे होतो तो स्फोट.

गेल्या काही वर्षांत यात लिथियम बॅटऱ्यांची भर पडली. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादेत तळाला विद्युत दुचाकींचे दालन आणि वर हॉटेल असलेल्या इमारतीला आग लागली. तीत आठ जणांनी प्राण गमावले. ही आग विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते. ती थंड करण्यास पाणी आणि वेळ दोन्ही भरपूर लागतात, आणि तिचा धूर विषारी असतो. दहा वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या जवानाच्या अभ्यासक्रमात याचा क्वचितच उल्लेख असेल. कोचीतील ब्रह्मपुरम कचरा डेपोची मार्च २०२३ मधील आग तर दहा दिवसांहून अधिक काळ धुमसत होती. तेथे पाणी मारण्यापेक्षा यंत्राने ढीग उपसून आतला भाग भिजवणे हे खरे काम होते.

उंच इमारतींचा प्रश्न आणखी निराळा. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी यांत्रिक शिडी आहे. ती उभी करण्यास सपाट आणि मोकळी जागा लागते, आणि दुतर्फा मोटारी उभ्या असलेल्या गल्लीत ती मिळत नाही. शहरातील कित्येक मनोरे त्या उंचीच्याही वर गेले आहेत. तेथे आग आतूनच विझवावी लागते: जिन्याने किंवा केवळ अग्निशमनासाठी राखलेल्या लिफ्टने, इमारतीच्या स्वतःच्या जलवाहिनीवर विसंबून. साधी लिफ्ट वापरायची नाही, हा नियम कोलकात्यानंतर वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. इमारतीचा पंप बंद असेल, वाहिनीत पाणी नसेल किंवा जिन्यात जुने फर्निचर रचलेले असेल, तर कोट्यवधींची शिडी असूनही जवानाचे हात बांधलेलेच राहतात.

अग्निशामकाचे दुसरे कर्तव्य येथून सुरू होते, आणि चर्चेत तेच सर्वांत मागे राहते. आग लागू नये म्हणून इमारत तपासणे हेही त्याचेच काम. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. कागदावरची ही व्यवस्था नेटकी आहे. पण प्रमाणपत्रातील पंप खरोखर सुरू होतो का, हे पाहण्यास अधिकारी जिना उतरून तळघरात गेला तरच तिला अर्थ. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग वाचणे, नकाशावरील जिन्याची रुंदी मोजणे, विद्युतभार समजून घेणे आणि मग प्रभावशाली मालकाला लेखी नकार देणे, हे होज पेलण्याइतकेच कसाचे काम आहे. त्यासाठी पदक मिळत नाही.

नकार न दिल्याची किंमत मात्र मोजावी लागते. २४ मे २०१९ रोजी सुरतमधील शिकवणी वर्गाच्या आगीत २२ विद्यार्थी दगावले. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण मृत्युमुखी पडले. तो खेळाचा मंडप अग्निशमन विभागाच्या ना हरकत प्रमाणपत्राविना चालत होता. त्यानंतर अटक झालेल्या महापालिका अधिकाऱ्यांत शहराचे मुख्य अग्निशमन अधिकारीही होते. उत्तरदायित्व निश्चित झालेच पाहिजे. पण मोजक्या निरीक्षकांवर सबंध शहराच्या तपासणीचा भार टाकायचा, बांधकाम बंद करण्याचा अंतिम अधिकार दुसऱ्या खात्याकडे ठेवायचा आणि दुर्घटनेनंतर पहिली बेडी अग्निशमन अधिकाऱ्याला घालायची, या रीतीने पुढची आग टळत नाही.

या विस्कळीतपणाचे मूळ घटनात्मक रचनेतही आहे. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांत मोडते. मुंबई, पुणे, नागपूर, अहमदाबाद येथे दल महापालिकेचे आहे, तर दिल्ली, पश्चिम बंगाल, तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळमध्ये ते राज्य सरकारच्या हाताखाली चालते. त्यामुळे वेतन, पदोन्नती, प्रशिक्षणाचा कालावधी आणि उपकरणे यांत एका शहराचा दुसऱ्याशी मेळ नाही. अधिकाऱ्यांसाठी १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. परंतु वर्दीवर सर्वांत पुढे जाणारा साधा जवान तेथे क्वचितच पोहोचतो. पुण्या-ठाण्यात ज्याला तांडेल म्हणतात, तो अनुभवी नायकच त्याचा खरा शिक्षक असतो. तांडेल निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली, की ते शिक्षणही संपते.

निवडीच्या कसोट्यांचा फेरविचार काही ठिकाणी सुरू झाला आहे. पंजाबने २०२४ च्या नव्या अग्निशमन कायद्याच्या वेळी महिला उमेदवारांसाठी वजन वाहून नेण्याची मर्यादा ६० वरून ४० किलोवर आणली. त्यावर टीकाही झाली, की बेशुद्ध माणसाचे वजन उमेदवार पाहून कमी होत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र जखमीला एकट्याने नव्हे तर जोडीने बाहेर काढणे हीच सुरक्षित पद्धत आहे. शिवाय तपासणी, नियंत्रण कक्ष, यंत्रचालन, रसायनांची ओळख अशी कामे आज दलाच्या दिवसाचा मोठा भाग व्यापतात. पावसाळ्यात कोसळलेली झाडे, रस्त्यावर सांडलेले तेल, दाराआड अडकलेले मूल, संक्रांतीत मांजात गुंतलेली घार, या वर्द्याही त्याच बंबाला जातात.

केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. त्यातील ५०० कोटी कायदेविषयक सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी प्रोत्साहन म्हणून राखले होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून आलेल्या या निधीचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा. नवे बंब आणि शिड्या अशा निधीतून येतात, त्यांचे लोकार्पण होते, छायाचित्रे छापली जातात. त्या बंबावर तिन्ही पाळ्यांत बसणाऱ्या माणसांचे वेतन मात्र महापालिकेच्या किंवा राज्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून द्यावे लागते. कात्री लागते ती तेथेच, आणि रिक्त पदे कंत्राटी नेमणुकांनी भरण्याचा मार्ग निवडला जातो. मालकाला नकार लिहून देण्याची अपेक्षा वर्षभराच्या कराराने नेमलेल्या माणसाकडून करता येत नाही. धुरात शिरणाऱ्या जोडीदाराला तो पुढच्या वर्षी सोबत असेल, याचीही खात्री नसते. सोळाव्या वित्त आयोगाच्या पाच वर्षांत राज्ये या सेवेसाठी तरतूद करतील, तेव्हा वाहनांच्या ओळीखाली प्रशिक्षण, सरावाचे मनोरे आणि कायम पदे यांच्या ओळींत किती आकडे भरले जातात, हे तपासावे लागेल.