फी 'अप टू' भरता का?

ब्रॉडबँडच्या जाहिरातीत '१०० एमबीपीएस'च्या आधी बारीक अक्षरात 'अप टू' असतं. रात्री अख्खी सोसायटी मॅच बघायला बसली की त्या शंभरातले किती उरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपनीला किंवा कॉल सेंटरला हे कसं परवडणार? म्हणून ते लीज्ड लाइन घेतात. वेगात वाटेकरी नाही, अपलोड-डाउनलोड सारखंच, आणि बिघाड किती वेळात दुरुस्त होणार तेही करारात लेखी. फोनसाठी पीआरआय लाइन. एकीवर एकाच वेळी ३० कॉल. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ मध्ये आणलेल्या 'टी-वन'वर २४ कॉल जायचे, त्याच घराण्यातली ही.

अशी लाइन कैकपट महाग पडते. पण जादा पैसे नुसत्या वेगाचे नसतात, हमीचे असतात.

मग ऑनलाइन परीक्षा नि सबमिशन ज्या नेटवर चालतं, तिथे 'अप टू' कसं चालेल? कॉलेजमध्ये नुसतं 'वायफाय कधी मिळणार?' विचारू नका. लाइन कोणती, ती किती जणांत वाटलेली, बंद पडली तर जबाबदार कोण, हे विचारा. फी काय आपण 'अप टू' भरतो?